केशव, दामोदर, रणछोड: खोडकर देवाची बिरुदं आली कुठून?

नाशिकला असाल तर एखाद्या रविवारी सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून जा. लेणं क्रमांक ३ च्या व्हरांड्यात उभं राहून वर भिंतीकडे पाहिलंत, की ब्राह्मी अक्षरांतला एक लांबलचक लेख दिसेल. राणी गौतमी बलश्रीचा हा लेख तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, म्हणजे इ.स.च्या दुसऱ्या शतकातला आहे. त्यात ती आपल्या दिवंगत मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक करते. त्याचा पराक्रम कोणासारखा होता? राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्यासारखा.

लेणं बौद्ध भिक्खूंना दान दिलेलं, लेखाची भाषा प्राकृत, आणि त्यात ‘केशव’ हे नाव. कृष्ण नाही, वासुदेव नाही, केशव. म्हणजे त्या काळी नाशिक परिसरात हे बिरुद इतकं रुळलेलं होतं की नुसतं उच्चारलं तरी कोणाबद्दल बोलणं चाललंय ते कळत होतं.

आता प्रश्न असा, की कृष्णाला ‘केशव’ का म्हणतात? ‘दामोदर’ का? ‘रणछोड’ का? घरी विचारलंत तर प्रत्येक नावामागे एक गोष्ट मिळेल, आणि गोष्ट बहुतेक वेळा छानच असते. पण नावामागची गोष्ट आणि नावाचा उगम या दोन गोष्टी एकच नाहीत. संशोधनाच्या वाटेवर नव्याने आलेल्यांचा पाय इथेच घसरतो. माझाही घसरला होता. माझ्या पहिल्या आराखड्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, ‘केशी दैत्याला मारल्यामुळे कृष्णास केशव हे नाव पडले.’ समासात पेन्सिलीने एवढंच लिहून आलं: ‘कोण म्हणतं? केव्हापासून?’ या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना जे हाती लागलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

हाच देव का निवडला?

जगभरच्या पुराणकथांत एक खोडकर, कावेबाज देव असतो. नियम वाकवतो, चोऱ्या करतो, सोंगं घेतो, पण त्याच्यावाचून कथाही पुढे सरकत नाही. उत्तर युरोपातल्या नॉर्स कथांमधला लोकी हा त्यातला सगळ्यात गाजलेला. आपल्याकडे ही जागा बऱ्याच अंशी कृष्णाची. लोणी चोरणारा, कालयवनाला मुचकुंदाच्या गुहेत नेऊन परस्पर काटा काढणारा, द्रोणवधाची युक्ती सुचवणारा.

अशा देवाच्या नावांचा अभ्यास जास्त रंगतो, कारण त्याच्या भक्तांपुढे कायम एक पेच असतो. देव तर थोर, पण त्याच्या करामती अडचणीच्या. मग नावांचे अर्थ लावताना कोणी करामत पुढे करतं, तर कोणी ती झाकतं. ही ओढाताण नावांच्या स्पष्टीकरणांत अगदी उघड दिसते.

आधी दोन शब्द नीट वेगळे करू

‘निर्वचन’ आणि ‘व्युत्पत्ती’ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. शोधनिबंधात तसं करू नका.

यास्काच्या निरुक्ताची भूमिका अशी, की कोणतंही नाव अर्थ न लावता सोडायचं नाही. व्याकरणाचा नियम सापडत नसेल तर अक्षरांच्या साम्यावरून लावा, पण लावाच. इथे हेतू नावात काय काय अर्थ सामावू शकतो हे दाखवण्याचा आहे. हे झालं निर्वचन. त्यामुळे एकाच नावाची चार निर्वचनं एकाच ग्रंथात सुखाने नांदतात, आणि त्यात ग्रंथकाराला काही विसंगत वाटत नाही.

आजच्या अर्थाने ऐतिहासिक व्युत्पत्ती म्हणजे शब्द प्रत्यक्षात कशापासून, कोणत्या नियमांनी बनला. हे उत्तर मात्र सहसा एकच असतं.

निर्वचनाला चुकीची व्युत्पत्ती म्हणून हसणं हाही अडाणीपणाच. तो वेगळ्या प्रश्नाला दिलेला वेगळा जबाब आहे. गोंधळ आपण करतो. त्यांच्या अर्थाच्या उत्तराला आपण उगमाचं उत्तर समजतो.

पहिलं नाव: केशव

प्रचलित गोष्ट अशी: कंसाने घोड्याच्या रूपातला केशी दैत्य पाठवला, कृष्णाने त्याच्या तोंडात हात घालून त्याला मारलं. विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशात नारद येऊन सांगतो, की केशीला मारलंस म्हणून लोक तुला केशव म्हणतील. (आपल्या मराठीतला कळलाव्या नारद इथे चक्क बारसं करतोय!)

आता व्याकरण काय म्हणतं ते पाहू. दैत्याच्या नावाचं मूळ रूप ‘केशिन्’. त्याला मारणारा असं म्हणायचं तर ‘केशिसूदन’ किंवा ‘केशिनिषूदन’ व्हायला हवं. ही कल्पना हवेतली नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन कृष्णाला ‘केशिनिषूदन’ अशी हाक मारतो. म्हणजे ‘केशीला मारणारा’ यासाठी रीतसर शब्द उपलब्ध होता आणि वापरातही होता.

मग ‘केशव’ काय? पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्रच दिलं आहे (५.२.१०९). ‘केश’ या शब्दाला ‘ज्याच्याकडे आहे तो’ या अर्थी विकल्पाने ‘व’ हा प्रत्यय लागतो. केशव म्हणजे केसवाला, दाट केसांचा. या ‘व’ मध्ये मारण्याचा अर्थ कुठेही नाही. त्याहून जुना दाखला अथर्ववेदात (८.६.२३) आहे. तिथे ‘केशव’ हे साधं विशेषण आहे आणि ते लागलंय कोणाला, तर गर्भ खाणाऱ्या दुष्ट शक्तींना! केसाळ भुतं, एवढाच अर्थ.

निष्कर्ष काढताना मात्र सांभाळा. ‘केशीची गोष्ट नंतर रचली’ असं म्हणता येणार नाही, कारण गीतेलाही ती माहीत आहे. ‘अथर्ववेदात कृष्णाचा उल्लेख आहे’ असं तर मुळीच नाही, तिथे फक्त शब्द आहे. आपल्याला म्हणता येतं ते इतकंच: शब्द जुना, गोष्टही जुनी, पण दोघांचं मूळ वेगळं. आवाजातल्या साम्यामुळे त्यांची गाठ पुढे बांधली गेली.

शंकराचार्यांच्या नावावर असलेलं विष्णुसहस्रनामाचं भाष्य काढून बघा. त्यात सुंदर केसांचा, केशीला मारणारा, आणि ‘क’ म्हणजे ब्रह्मा, ‘अ’ म्हणजे विष्णू, ‘ईश’ म्हणजे शिव हे तिघे ज्याच्या अधीन आहेत तो, असे तिन्ही अर्थ शेजारीशेजारी दिले आहेत. सहस्रनामात हे नाव दोनदा येतं, आणि दुसऱ्या वेळी भाष्यकार आणखी वेगळा अर्थ देतो, तेजाच्या किरणांचा. मघाशी म्हटलं ते निर्वचन म्हणजे हेच. कोणता अर्थ खरा, हा भाष्यकाराचा प्रश्नच नाही.

दुसरं नाव: दामोदर

इथे गंमत बरोबर उलटी आहे.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट: यशोदेने खोड्या करणाऱ्या कृष्णाला दाव्याने उखळाला बांधलं. दाम म्हणजे दोर, उदर म्हणजे पोट. पोटाला दावं बांधलेला तो दामोदर. हरिवंशात ही कथा आहे.

पण महाभारताच्या उद्योगपर्वात (भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत अध्याय ६८) धृतराष्ट्राला संजय कृष्णाच्या नावांचे अर्थ समजावून सांगतो, तिथे दाव्याचं नावही नाही. तिथे दामोदर हा ‘दम’ या शब्दाशी, म्हणजे इंद्रियसंयमाशी जोडलेला आहे. शांतिपर्वाच्या नारायणीय भागातही तोच सूर आहे.

मग खरं काय? पहिला मोह असा होतो, की महाभारत हरिवंशापेक्षा जुनं, हरिवंश त्याचं खिलपर्व, म्हणून ‘दम’ हे मूळ आणि दाव्याची गोष्ट मागाहून आली. मीही क्षणभर तसंच म्हणालो होतो. पण संधी सोडवून बघा. दम + उदर केलं तर ‘दमोदर’ होतं, पहिला स्वर ऱ्हस्व राहतो. ‘दामोदर’ व्हायला ‘दाम’च हवं. व्याकरण इथे स्वच्छपणे यशोदेच्या बाजूने आहे.

म्हणजे ग्रंथांचा क्रम एकीकडे बोट दाखवतो आणि शब्दाची घडण दुसरीकडे. अशा वेळी एक कसोटी सोयीची म्हणून दुसरी लपवायची नाही, दोन्ही मांडायच्या. माझं मत विचाराल तर शब्द दाव्याचाच आहे. संजय कोणापुढे बोलतोय ते लक्षात घ्या. युद्ध तोंडावर आलंय, कृष्ण हा साधासुधा माणूस नव्हे हे राजाला पटवायचंय. त्या दरबारात ‘आईने पोटाला दोर बांधला होता तो’ हा अर्थ कामाचा नव्हता. म्हणून खोडकर नावाला संयमाची शाल पांघरली गेली. हा मात्र माझा अंदाज आहे, आणि निबंधात तो अंदाज म्हणूनच लिहायचा. पुरावा आणि अंदाज एकाच वाक्यात मिसळले, की परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

तिसरं नाव: रणछोड

हे नाव तुम्हाला डाकोरच्या रणछोडरायांमुळे माहीत असेल, किंवा खरं सांगायचं तर ‘थ्री इडियट्स’मधल्या रणछोडदास श्यामलदास छांछडमुळे. डाकोरचं सध्याचं देऊळ १७७२ मध्ये गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी सावकाराने बांधलं, त्यामुळे नाव गुजराती असलं तरी आपलाही त्याच्याशी संबंध आहे.

अर्थ सरळ आहे: रण सोडून पळालेला. जरासंधाच्या त्रासामुळे मथुरा सोडून द्वारकेला जाण्याची ही कथा जुनी आहे. सभापर्वात कृष्ण स्वतः युधिष्ठिराला सांगतो, की जरासंधाच्या भीतीने आम्ही मथुरा सोडली. पण नाव? ‘छोड’ हे धातुरूप संस्कृतातलं नाही, ते हिंदी-गुजरातीच्या घरातलं. (मराठीत हे नाव घडलं असतं तर ‘रणसोड’ झालं असतं.) सहस्रनामात ते शोधू नका, सापडणार नाही. या भाषा आकाराला आल्यावरच हे नाव घडू शकतं.

म्हणजे इथे गोष्ट जुनी, नाव नवं. आणि नावाची जात बघा: शिवीचं बिरुद झालंय. पळपुटा म्हणून हिणवण्याऐवजी त्याच शब्दाने आरती होते. लोकांची नोंद काय सांगते? त्यांनी देवाची अडचणीची करामत झाकली नाही, मिरवली. उद्योगपर्वातला संजय आणि डाकोरचा भक्त या दोघांनी एकाच पेचातून दोन उलट वाटा काढल्या आहेत.

आता आपल्या गोदाकाठी

अहिल्याबाई होळकर पुलाजवळचं सुंदरनारायणाचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधलं. ‘सुंदरनारायण’ या नावाची स्थळकथा अशी: जालंधराला हरवण्यासाठी विष्णूने त्याचं रूप घेऊन वृंदेला फसवलं. तिने शाप दिला, देव काळा पडला, मग गोदावरीत स्नान करून पुन्हा सुंदर झाला.

ही कथा पुराणांशी ताडून बघा. शिवपुराणातल्या जालंधरकथेत वृंदेचा शाप वेगळा आहे: तुझ्याही बायकोला कपटाने पळवून नेतील आणि तू रानोमाळ भटकशील. म्हणजे तो रामकथेकडे नेणारा. तुळस-शंखचूडाच्या कथेत शाप दगड होण्याचा आहे, तो शाळिग्रामाकडे नेणारा. काळं पडणं आणि गोदास्नानाने उजळणं हा धागा नाशिकच्या कथेचा स्वतःचा आहे. फसवणूक तीच, पण प्रत्येक ठिकाणी शाप त्या त्या ठिकाणाला हवा तिथे जाऊन पोचतो. पंचवटीत काळ्या पाषाणाचा काळाराम आहे, गोराराम आहे. देवाच्या रंगावरून नाव पडणं इथे नवलाचं नाही.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. रामकुंडाजवळ नारोशंकराचं देऊळ आहे. नाव ऐकून वाटतं, शंकराचंच काहीतरी बिरुद असणार. मग कोणी ‘नारो’ची व्युत्पत्ती ‘नर’पासून, ‘नारायण’पासून शोधायला बसेल. तर नारोशंकर राजेबहादूर हे बांधणाऱ्या सरदाराचं नाव. १७४७ मध्ये बांधलेल्या या देवळातला देव रामेश्वर. लोकांच्या तोंडी देवाचं नाव मागे पडलं आणि बांधणाऱ्याचं उरलं. व्युत्पत्ती शोधण्याआधी बांधकामाची नोंद बघितली, तर महिनाभराची मेहनत वाचते.

पुन्हा लेण्यात, आणि थोडं आइसलँडला

बलश्रीच्या लेखातला ‘केशवा’शेजारचा ‘राम’ आठवतोय? पंचवटीच्या गावात हा लेख, म्हणजे हा दाशरथी रामच, असं लिहावंसं वाटतं ना? पण पुढे वाचा. त्याच लेखात सातकर्णीच्या तेजाची तुलना नाभाग, नहुष, ययाती, अंबरीष अशा प्राचीन राजांशी केली आहे आणि त्या यादीत पुन्हा ‘राम’ येतो. राजांच्या यादीतला राम अयोध्येचा असणार. मग वीरांच्या यादीत केशवाला लागून आलेला राम बहुधा बलराम. नाणेघाटातल्या लेखातही संकर्षण आणि वासुदेव ही भावांची जोडी एकत्र येते, तिची साक्ष इथे उपयोगी पडते. नाव एकटं वाचायचं नाही, शेजाऱ्यांसकट वाचायचं.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. लोकीची बिरुदं मुख्यतः आइसलँडच्या स्नोरी स्टुरलुसनने इ.स. १२२० च्या सुमारास लिहिलेल्या ‘एड्डा’मधून कळतात. इडुनच्या सफरचंदांचा चोर, सिफच्या केसांचा घात करणारा, अशी ती करामतींवरून पडलेली नावं आहेत. पण आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला इ.स. १००० च्या सुमारास. म्हणजे नोंद आणि जिवंत श्रद्धा यांत दोनशे वर्षांचं अंतर. एकोणिसाव्या शतकात काही पंडितांनी ‘लोकी’ हे नाव ‘लोगी’ म्हणजे ज्वाळा या शब्दाशी जोडून त्याला अग्नीचा देव ठरवलं. आणि त्याच एड्डात लोकी आणि लोगी यांच्यात जेवणाची पैज लागते, लोगी मांसाबरोबर हाडं आणि ताटही फस्त करतो आणि लोकी हरतो! जी दोन पात्रं समोरासमोर बसून जेवतात, ती एकच कशी? आपल्या केशव-केशीसारखंच हे आवाजाच्या साम्याचं भुलावणं.

तुमच्यासाठी चार प्रश्न

कुठलंही बिरुद हातात घेतलंत की हे क्रमाने विचारा:

१. सगळ्यात जुना दाखला कुठला? शब्दाचा वेगळा, त्या देवाचं नाव म्हणून वेगळा. या दोन तारखा कधीही एकत्र करू नका.

२. शब्दाची घडण काय म्हणते? संधी, प्रत्यय, आणि मुळात शब्द कोणत्या भाषेतला? मराठी शब्दांसाठी कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) हाताशी ठेवा, पण शेवटचा शब्द म्हणून नव्हे.

३. नाव समजावणारी गोष्ट कोणत्या ग्रंथात, कोणत्या थरात येते? महाभारतासाठी भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती वापरा आणि तळटीपा वाचा. बाजारातल्या पोथीवरून अध्याय-श्लोक देऊ नका.

४. कोण, कोणाला, कशासाठी हा अर्थ सांगतंय? राजदरबार, देऊळ, क्षेत्रमाहात्म्य, की लेण्यातली आई?

चारही उत्तरं जुळली तर छान. नाही जुळली तर आणखी छान, कारण खरा शोधनिबंध तिथून सुरू होतो.

सरावासाठी एक नाव देतो: हृषीकेश. ‘हृषीक + ईश’ म्हणजे इंद्रियांचा स्वामी. ‘हृषी + केश’ म्हणजे ज्याचे केस हर्षाने उभे राहिले आहेत तो. दोन्ही फोडी व्याकरणात बसतात, म्हणजे दुसरा प्रश्न इथे निकाल देणार नाही. मग पहिला, तिसरा आणि चौथा प्रश्न घेऊन बसा.

माझ्या आराखड्यातलं ते वाक्य आता असं आहे: ‘केशीवधाशी केशव या नावाचा संबंध विष्णुपुराणात जोडलेला दिसतो, शब्दाची घडण मात्र केश या शब्दापासून आहे.’ वाचायला पहिल्यापेक्षा रुक्ष आहे, मान्य. पण आता समासात कोणी ‘कोण म्हणतं? केव्हापासून?’ असं लिहिलं, तर दोन्हींची उत्तरं त्याच वाक्यात आहेत.